सायकलची नाडीपरीक्षा

बालरोगतज्ज्ञाच्या प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो. गरोदरपण कसे गेले, बाळंतपण कोठे झाले, जन्मतः वजन किती होते, लसी कोणत्या झाल्या, बसू केव्हा लागले, चालू केव्हा लागले, खाणेपिणे कसे आहे. गेली पंचवीस वर्षे मी हेच प्रश्न विचारीत आलो आहे. अलीकडे मात्र मुलाने पाचवे वर्ष ओलांडलेले असले, की यादीच्या शेवटी मी एक प्रश्न जोडतो, “घरी सायकल आहे का?” उत्तर ‘हो’ आले की लगेच दुसरा, “तिचे नट-बोल्ट शेवटचे कोणी आणि केव्हा पाहिले?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर मूल स्वतः देते आणि मोठ्या उत्साहाने देते. दुसऱ्या प्रश्नाला आई वडिलांकडे पाहते, वडील मुलाकडे पाहतात आणि मूल माझ्या टेबलावरच्या खेळण्याकडे पाहू लागते.

हा प्रश्न काहींना अस्थानी वाटतो. एका आजोबांनी तर मला हसत विचारले होते, “डॉक्टर, दवाखान्याबरोबर गॅरेजही काढलंत की काय?” त्यांचे हसणे मी मनावर घेतले नाही. कारण मुलांचे जे काही अपघात आपण सर्व जण दवाखान्यात पाहतो, त्यांपैकी सायकलच्या अपघातांचा एक विशेष आहे. सायकल सहसा एकदम दगा देत नाही. आधी बोल्ट सैल होतो, मग भाग हलू लागतो, मग वाजू लागतो, मग गळून पडतो आणि त्यानंतर केव्हातरी मूल पडते. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत पुष्कळदा काही आठवडे, काही महिने जातात. रोगाने एवढी आगाऊ सूचना दिली असती, तर आपण डॉक्टरांनी त्याचे उपकार मानले असते. सायकल ती सूचना देत असते. ती ऐकायला कोणी नसते, एवढीच अडचण आहे.

बेळगाव आणि सायकल

सायकलचे महत्त्व बेळगावकरांना परक्याने येऊन सांगावे, अशी स्थिती नाही. ज्या किर्लोस्करांचे नाव पुढे देशभर झाले, त्यांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली याच गावात सायकलच्या एका लहानशा दुकानातून झाली. लक्ष्मणराव आणि त्यांचे बंधू रामुअण्णा यांनी पुढे लोखंडी नांगर आणला. १९१० साली कारखाना औंध संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळ गेला आणि तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पण पहिला पाना फिरला तो बेळगावात. आपल्या किर्लोस्कर रोडवरून जाताना हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

योगायोग असा, की त्याच १८८८ साली बेलफास्ट शहरात व्यवसाय करणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या पशुवैद्याने हवा भरलेल्या रबरी टायरचे पेटंट घेतले. आपल्या लहान मुलाची तीनचाकी सायकल खडबडीत रस्त्यावर फार हादरते, म्हणून आदल्या वर्षी त्याने तिच्या चाकांवर तो प्रयोग करून पाहिला होता. तशी कल्पना रॉबर्ट थॉमसन यांनी चाळीसेक वर्षे आधी मांडली होती, पण ती मागे पडली. सांगायचा मुद्दा असा, की पोराच्या सायकलकडे वैद्याच्या नजरेने पाहणारा मी काही पहिला मनुष्य नव्हे.

तपासणारा माणूस गेला

माझ्या बालपणी, म्हणजे १९८० च्या आसपास, स्वतःची सायकल असलेली मुले वर्गात मोजकी असत. बाकीच्यांची भिस्त भाड्याच्या सायकलींवर. आडव्या नळीखालून पाय घालून, अर्धे पेडल मारीत आम्ही सायकल शिकलो ती याच भाड्याच्या सायकलींवर. दुकानदाराच्या वहीत नाव, सायकलचा नंबर आणि वेळ लिहिली जाई. सायकल परत आली, की पैसे घेण्याआधी तो तिची झडती घेई. पुढचे चाक उचलून गरकन फिरवी, ब्रेक दाबून पाही, हँडल हिसडे, पेडल उलटे फिरवून चेनचा आवाज ऐके आणि शेवटी घंटी वाजवी. आम्हाला तो आमच्या प्रामाणिकपणावरचा संशय वाटे आणि रागही येई. त्याला आपल्या मालाची काळजी होती हे खरे, पण त्या अर्ध्या मिनिटात पुढच्या मुलाच्या हातापायांची तजवीज आपोआप होऊन जात होती. घरच्या सायकलीसाठीही वर्षातून एकदा ‘ओव्हरऑइल’ नावाचा विधी असे. सायकल पूर्ण उघडली जाई, छर्रे घासलेटात धुतले जात, कप-कोन पुसून नवे ग्रीस भरले जाई आणि झिजलेला भाग निमूटपणे बदलला जाई.

ती दुकाने आता बहुतेक मिटली. काहींनी मोटारसायकलींची दुरुस्ती धरली. सायकली मात्र कमी झालेल्या नाहीत. वाढदिवसाला, परीक्षेच्या निकालाला सायकल आजही येते. ती कारखान्यातून पूर्ण जोडून येत नाही, खोक्यातून येते. पुढचे चाक, हँडल, पेडले आणि सीट निघताना वेगळी असतात. ती दुकानातला कामगार गर्दीच्या वेळी जोडतो, किंवा घरपोच मागवली असेल तर बाबा खोक्यातल्या ॲलन-कीने रविवारी दुपारी जोडतात. ‘नवी आहे, म्हणजे ठीकच असणार’ हा आपला समज येथेच फसवा ठरतो. नव्या सायकलीच्या ब्रेकच्या तारा पहिल्या काही आठवड्यांत ताणून सैल पडतात, चाकाच्या तारा आपापल्या जागी बसतात, बोल्ट थोडे ढिले होतात. म्हणून नवी सायकल महिन्याभराने एकदा आवळून घ्यावी लागते. ते बहुतेक घरांत राहून जाते.

जुन्या सायकलीची कथा वेगळी. ती थोरल्याकडून धाकट्याकडे आणि धाकट्याकडून मावसभावाकडे जाते. प्रत्येक मुक्कामी एखादा भाग मागे राहतो. आधी घंटी जाते, मग चेनकव्हर वाजते म्हणून काढून ठेवले जाते, मग मुठीचे रबर फाटते. सायकल चालत राहते, त्यामुळे काही हरवले आहे असे कोणालाच वाटत नाही.

हरवलेल्या भागांचे विकार

व्यवसायबंधूंना परिचित असलेल्या काही दुखापती येथे एकत्र मांडतो. प्रत्येकीपुढे सायकलचा एकेक भाग लिहिता येतो.

पहिली दुखापत हँडलची. काही वर्षांपूर्वी आठ वर्षांचा एक मुलगा हिरव्या उलट्यांसाठी माझ्याकडे आला. तीन दिवसांपूर्वी घरासमोरच सायकलवरून पडला होता. वेग फारसा नव्हता, जखम नव्हती. रात्री जेवला, दुसऱ्या दिवशी शाळेतही गेला. पोट तपासताना बेंबीच्या वर रुपयाएवढे एक गोल, लालसर वळ दिसले. ते पट्ट्याचे असावे असे आईला वाटले होते. स्कॅनमध्ये ड्युओडेनमच्या भिंतीत रक्त साकळलेले आणि स्वादुपिंडाला सूज आलेली आढळली. बालशल्यचिकित्सकांच्या देखरेखीखाली नाकातून नळी, तोंडाने काही नाही आणि शिरेतून पोषण, अशा अवस्थेत त्याने दोन आठवडे काढले. शस्त्रक्रिया टळली, मूल बरे होऊन घरी गेले.

दरम्यान मी वडिलांना सायकल दाखवायला आणा म्हणून सांगितले. उजव्या मुठीचे टोक फाटून आतली लोखंडी नळी उघडी पडली होती. हँडलचा मधला बोल्ट इतका सैल होता, की पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल सहज वळत होते. वडील उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर काम करणारे, दिवसभर हातात मायक्रोमीटर. ते सायकलकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, कारखान्यात एवढा बोल्ट हलला असता, तर मी मशीन बंद केलं असतं.” त्या वाक्यावर मला काही बोलण्यासारखे उरले नव्हते.

अशा दुखापतीत घडते ते असे. पडताना हँडल आडवे फिरते आणि त्याचे टोक पोटावर येते. मुलाच्या पोटाची भिंत पातळ, चरबी कमी, फासळ्या लवचीक. मागे पाठीचा कणा आणि पुढून लोखंडी टोक, यांच्यामध्ये स्वादुपिंड आणि ड्युओडेनम चिरडले जातात. टोकाला रबर असेल तर धक्का थोडा पसरतो. उघडी नळी असेल, तर मोठ्या पोळीतून वाटीने पुरी पाडावी तसा तिचा काठ नेमका एकाच गोलावर बसतो. यकृत आणि प्लीहा यांनाही अशाच इजा होतात. क्वचित त्वचा शाबूत राहून आतले स्नायू फाटतात आणि तेथे हर्निया दिसू लागतो. पहिल्या काही तासांत पोट मऊ असू शकते आणि अमायलेजचा पहिला अहवाल सामान्य येऊ शकतो. म्हणून पोटावर हँडलचे वळ असलेले मूल ‘ठीक आहे’ म्हणून लगोलग घरी पाठवू नये, त्याला पुन्हा पुन्हा तपासावे, ही गोष्ट आपल्या तरुण सहकाऱ्यांना सांगत राहिली पाहिजे.

दुसरी दुखापत मागच्या चाकाची. कॅरिअरवर डबलसीट बसलेल्या तीन ते सात-आठ वर्षांच्या मुलाची टाच चाकाच्या तारांत जाते. तारा कातडी सोलतात आणि पाय तारा व चिमट्याच्या मध्ये दाबला जातो. सुरुवातीला जखम खरचटल्यासारखी दिसते. खरी हानी चार-पाच दिवसांनी, कातडी काळी पडू लागल्यावर कळते. जुन्या सायकलींना मागच्या चाकावर जाळी असे, तिला आपण साडीगार्ड म्हणत होतो. नावात साडी असली तरी तिने पुष्कळ पोरांच्या टाचा वाचवल्या. ती जाळी आणि पाय ठेवायची पट्टी नसेल, तर त्या कॅरिअरवर मूल बसवू नये.

तिसरी दुखापत चेनची आणि ती बहुधा सायकल चालवणाऱ्याला होतच नाही. थोरला सायकल उलटी करून पेडल फिरवतो आणि दीड-दोन वर्षांचे धाकटे भावंड चकचकीत दात्यांकडे बोट नेते. पुढे काय होते, ते येथे लिहीत नाही. चेनकव्हर वाजते म्हणून काढून ठेवू नका, त्याचा स्क्रू आवळा.

चौथी सीटची. सीटखालचा बोल्ट सैल असला, की खड्ड्यात सीटचे नाक एकदम वर उठते किंवा खाली जाते आणि मूल आडव्या नळीवर आदळते. मुलांमध्ये मूत्रमार्गाला इजा होते. लघवीच्या जागी रक्ताचा थेंब दिसला तर घाईने नळी घालायची नाही, हे आपण जाणतोच. मुलींमध्ये नाजूक जागी रक्त साकळते आणि संकोचाने मुलगी घरी सांगत नाही. पाचवी पुढच्या चाकाची. ते चिमट्यातून निसटले, की मूल तोंडावर पडते. ओठ, हनुवटी आणि नुकतेच आलेले कायमचे दात. असा दात मुळासकट निघाला तर तो मुळाला हात न लावता दुधात ठेवून तडक दंतवैद्याकडे न्यावा, हे वाचकांपैकी जे डॉक्टर नाहीत त्यांनीही ध्यानात ठेवावे.

हेल्मेट हवेच, त्याबद्दल वाद नाही. पण वरच्या पाच दुखापतींपैकी एकीतही हेल्मेटचा फारसा उपयोग नाही. विल्यम हॅडन या अमेरिकी वैद्याने अपघाताचा विचार तीन टप्प्यांत करायला शिकवले: घडण्यापूर्वी, घडताना आणि घडल्यानंतर. हेल्मेट मधल्या टप्प्यातले, आपण डॉक्टर शेवटच्या टप्प्यातले. पहिला टप्पा पान्याचा आहे.

दर्शन, स्पर्शन, ताडन, श्रवण

सायकल तपासायला अभियंता असावे लागत नाही. रुग्ण तपासण्याची जी रीत आपण वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, तीच येथेही चालते.

आधी इतिहास घ्यावा. सायकल कोणाची होती, कधी आपटली का, शेवटचा हात कोणी लावला, बाजूची छोटी चाके नुकतीच काढली का. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. छोटी चाके मागच्या चाकाच्या नटांतच अडकवलेली असतात. ती काढताना नट सोडावा लागतो आणि पुन्हा बसवताना वायसर हरवतो किंवा नट अर्धवट राहतो.

मग दर्शन. सायकल उजेडात सरळ उभी करून पुढून मागे पाहत जावे. दोन्ही मुठी शाबूत आहेत का, टोकाची रबरी बुचे आहेत का. ब्रेकच्या तारेची टोके विस्कटली आहेत का. ब्रेकचे रबर किती उरले आहे, आणि ते रिमला लागते की टायरला. टायरला लागत असेल, तर काही दिवसांत टायर फाटेल. चाकाची एखादी तार तुटली आहे का. मागचा लाल आणि पुढचा पांढरा रिफ्लेक्टर आहे का. चेनकव्हर, घंटी, पेडलवरची रबरे आपापल्या जागी आहेत का. सीटच्या नळीवर आणि बऱ्याच सायकलींत हँडलच्या नळीवरही एक रेघ कोरलेली असते. ती रेघ सांगाड्याच्या आत राहिली पाहिजे. मूल उंच झाले म्हणून नळी रेघेपलीकडे ओढली, तर ती केव्हातरी वाकते किंवा निघून हातात येते. अशा वेळी मूल मोठे झाले आहे आणि सायकल लहान, एवढाच अर्थ घ्यावा.

त्यानंतर स्पर्शन. पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरून हँडल वळवून पाहावे. चाक न वळता हँडल वळले, तर मधला बोल्ट सैल आहे. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवावी. गळ्याशी कटकट जाणवली, तर तेथील कप ढिले आहेत. सीट दोन्ही हातांनी पिरगाळून आणि नाक वरखाली करून पाहावे. प्रत्येक चाक बाजूने हलवावे. एक्सलशी ते डुगडुगता कामा नये. क्रँक धरून आतबाहेर हलवावी. जुन्या पद्धतीच्या सायकलीत कॉटरपिन झिजली असेल, तर पेडल मारताना प्रत्येक फेरीला एक हिसका बसतो आणि मूल ‘सायकल लंगडते’ म्हणून तक्रार करते. ती तक्रार खरी असते. ब्रेकचा दांडा पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकता कामा नये आणि मुलाच्या बोटांना तो सहज पोहोचला पाहिजे. मोठ्या माणसाने दाबून ‘ब्रेक लागतो’ असे ठरवू नये. दाबायचे मुलाला आहे.

ताडन म्हणजे ठोकून पाहणे. सायकल हँडलला धरून पुढून वर उचलावी आणि पुढच्या चाकावर वरून मुठीने एक थाप द्यावी. नट सैल असतील, तर चाक चिमट्यात खाली सरकते. मुलाच्या अंगाखाली ते सरकण्याऐवजी आपल्या मुठीखाली सरकलेले बरे.

शेवटी श्रवण. सायकल जमिनीपासून वीतभर उचलून सोडून द्यावी आणि कान द्यावा. टायरचा ठप्प असा एकच आवाज आला पाहिजे. त्यापाठोपाठ खडखड आली, तर ती कोठून आली ते शोधावे. मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर, स्टँडची स्प्रिंग, घंटी, हे नेहमीचे आरोपी. मग चाक उचलून फिरवावे. ब्रेकच्या रबराला ते एका जागी घासत असेल, तर चाक आउट आहे. ते काम मात्र सायकलवाल्याचे.

नट-बोल्ट आवळण्याविषयी दोन सूचना. एक, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. उजवे पेडल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळते, डावे उलट्या दिशेने. लक्षात ठेवायला सोपे असे, की दोन्ही पेडले पाना पुढच्या चाकाच्या दिशेने फिरवला की आवळतात. हे माहीत नसल्याने डावे पेडल जोर लावून चुकीच्या आट्यात बसवले जाते आणि काही दिवसांनी ते क्रँकचे आटे घेऊनच बाहेर पडते. दुसरी, अंगातले सारे बळ लावून आवळू नये. पाना लहान असावा आणि बोल्ट पुरेसा बसला, की थांबावे. औषधाप्रमाणे बोल्टचीही मात्रा असते. ती ओलांडली की आटे जातात आणि मग तो कधीच आवळला जात नाही.

ही सविस्तर तपासणी महिन्यातून एकदा पुरते. रोजच्यासाठी सायकलस्वारांचे एक सूत्र आहे, ते आपल्याला पाठ करायचीही गरज नाही. बेशुद्ध रुग्णाजवळ जाताना आपण एबीसी म्हणतो: एअरवे, ब्रीदिंग, सर्क्युलेशन. सायकलचेही एबीसी आहे: एअर, ब्रेक, चेन. टायर अंगठ्याने दाबायचे, दोन्ही ब्रेक दाबायचे, पेडल एक फेरी उलटे फिरवायचे. यास अर्धे मिनिट लागते.

यादीचे महत्त्व

इतक्या साध्या गोष्टींसाठी यादी कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर आपल्याच व्यवसायाने दिले आहे. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेच्या वेळी तपासायची एकोणीस मुद्द्यांची यादी जाहीर केली. त्या कामाचे नेतृत्व डॉ. अतुल गावंडे यांनी केले. त्यांचे वडील मूळचे विदर्भातील उटी गावचे. रुग्ण तोच आहे ना, बाजू तीच आहे ना, हे प्रश्न निष्णात शल्यचिकित्सकांना बालिश वाटले असतील. पण आठ शहरांतील रुग्णालयांत ती यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. २००९ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माहीत असणे आणि दर वेळी करणे यांत जे अंतर असते, ते यादी भरून काढते. सायकलच्या बाबतीत ते अंतर मोठे आहे, कारण ते काम नेमके कोणाचे, हेच ठरलेले नाही.

माझ्या मते ते काम हळूहळू मुलाकडे सोपवावे. आठ-नऊ वर्षांपर्यंत पालकांनी करावे आणि मुलाने पाना धरून शेजारी बसावे. दहाव्या वर्षानंतर मुलाने करावे आणि पालकांनी शेजारी बसावे. जे मूल आपल्या सायकलचा सैल नट स्वतः शोधून काढते, ते ती सायकल जपते आणि तिच्यावर वेडेवाकडे खेळ करण्यापूर्वी एकदा विचार करते, असा माझा अनुभव आहे. आणि मुलगा व मुलगी असा भेद येथे करू नये. सायकल चालवणाऱ्या मुली पुष्कळ, पण पाना मात्र भावाच्याच हाती दिला जातो.

आपण काय करावे

आपल्या गावचा पाऊस सायकलला मानवत नाही. जूनपासून चार महिने भिजत राहिलेल्या सायकलच्या तारा गंजतात, नट धरतात, चेन कोरडी पडते. म्हणून वर्षातले दोन दिवस तरी ठरलेले असावेत. पहिला दिवस शाळा उघडतानाचा. कर्नाटकातील शाळा मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी उघडतात, आणि संयुक्त राष्ट्रांनी २०१८ साली ३ जून हा जागतिक सायकल दिन म्हणून ठरवला, तोही त्याच सुमारास येतो. दुसरा दिवस आपल्या पूर्वजांनीच नेमून ठेवला आहे. खंडेनवमीला आपण घरातली अवजारे आणि वाहने पुजतो. सायकल धुतो, हळदकुंकू लावतो, हँडलला झेंडूचा हार घालतो. पूजेच्या आदल्या दिवशी, धुतानाच तिचे नट-बोल्ट तपासावेत. सैल हँडलवर हार चढवण्यात कसली पूजा?

आपल्या संस्थेतर्फे शाळांमध्ये आरोग्य तपासणीची शिबिरे होतात. वजन, उंची, दात, डोळे, रक्तातील हिमोग्लोबिन, सारे पाहिले जाते. त्याच वेळी शाळेच्या आवारात शंभर-दीडशे सायकली उभ्या असतात. माझी सूचना अशी, की पुढच्या शिबिरात डॉक्टरांच्या टेबलांशेजारी एक टेबल गावातल्या जुन्या सायकल कारागिरासाठी ठेवावे. त्याच्यापुढे पाने, ब्रेकची रबरे, मुठी, टोकाची बुचे आणि थोडे तेल. त्याच्या दिवसाची मजुरी आणि सुट्या भागांचा खर्च संस्थेने द्यावा. एका मुलाच्या एका दिवसाच्या अतिदक्षता विभागाच्या बिलात अशी कित्येक शिबिरे होतील. समारोपाला प्रमुख पाहुण्यांना शाल-श्रीफळ देतो, तसे त्या कारागिरालाही द्यावे.

तोपर्यंत प्रत्येकाने एवढे करावे. हा अंक वाचून खाली ठेवला, की जिन्याखाली किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या घरच्या सायकलकडे जावे, ती वीतभर उचलून सोडावी आणि कान द्यावा.